माझ्या गाठीतले राखणदार

रक्त कमी आहे

मी सुनंदा. जळगाव आगारात कंडक्टर आहे. एकोणीस वर्षं झाली. धुळे, पारोळा, एरंडोल हा रस्ता इतका पायाखालचा की डोळे मिटून बसले तरी खड्ड्यावरून थांबा ओळखेन. नोकरीचं आधी सांगते, कारण आजाराची सगळी सुरुवात त्या नोकरीत दडून गेली. दमले की वाटायचं, ड्युटी जड झाली. धाप लागली की वाटायचं, आज गाडी भरलेली होती.

दोन वर्षं मला एकच उत्तर मिळत होतं, रक्त कमी आहे. बायकांचं असतंच, पाळी जास्त जात असेल, खजूर खा, बीट खा, या लोहाच्या गोळ्या घ्या. मी खजूर खाल्ले, बीट खाल्लं, गोळ्या घेतल्या. शौचाला काळं व्हायचं. गोळ्यांनी होतं ते, असं औषधाच्या दुकानातल्या माणसानेही सांगितलं आणि ते खरंच आहे. गोळ्यांनी होतंच. त्यामुळे मी त्यावर पुन्हा विचार केला नाही.

मग एका दुपारी एरंडोल सुटल्यावर तिकिटं फाडता फाडता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर पडले. शुद्धीवर आले तेव्हा ड्रायव्हरने गाडी उभी केली होती आणि ती बाई तिच्या पदराने मला वारा घालत होती. त्यांनी मला तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, नुकतीच पास झालेली असावी. तिने रक्त तपासलं, कागद पाहिला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"शौचाला काळं होतं का?"

"गोळ्यांमुळे होतं."

"गोळ्या मध्ये कधी बंद केल्या होत्या?"

"दिवाळीनंतर दोन महिने. कंटाळा आला होता."

"तेव्हा कसं होत होतं?"

मी आठवलं. "तेव्हाही काळंच."

तिने कागदावर दोन ओळी लिहिल्या, खाली रेघ मारली आणि म्हणाली, "हे घेऊन उद्याच जळगावला पोटाच्या डॉक्टरकडे जा. पुढच्या आठवड्यात नको, उद्या." तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. ज्या कुणाला दोन वर्षं रक्त कमी सांगत असतील, त्यांनी तिचे ते शेवटचे दोन प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

तो दिवस

मोठ्या आतड्याची दुर्बीण झाली. माझा नवरा सुभाष शाळेत क्लार्क आहे, तो अर्धी रजा टाकून आला होता. डॉक्टरांनी आम्हाला दोघांना आत बोलावलं आणि स्क्रीनवर दाखवलं. उजव्या बाजूला, आतड्याच्या सुरुवातीलाच, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी होतं आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

मी विचारलं, "कॅन्सर आहे का?"

"तुकडा तपासल्याशिवाय मी तो शब्द वापरत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मनाची तयारी ठेवा."

बाहेर आलो. सुभाषला स्कूटरची किल्ली भोकात घालता येईना. तीन वेळा प्रयत्न केला. मी त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि म्हणाले, "मागे बस." पिंप्राळ्याला घरापर्यंत मीच चालवत नेली. मला रडू येत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं बरं वाटत होतं. दोन वर्षं मी आळशी झालेय, वयाआधी म्हातारी झालेय असं समजत होते. आता त्या थकव्याला नाव मिळालं होतं. भीती वाटली ती संध्याकाळी, नववीतली माझी मुलगी सायली शाळेतून आली आणि तिने नेहमीसारखं विचारलं, "आई, आज काय केलंस?" तेव्हा मात्र मला स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडावा लागला.

आठ दिवसांनी अहवाल आला. डॉक्टरांनी तो शब्द वापरला.

बोदवडची मुलगी

ऑपरेशनसाठी जळगावलाच एका दवाखान्यात दाखल झाले. आधी तीन दिवस रक्ताच्या पिशव्या चढवल्या. दुसऱ्याच पिशवीनंतर मला कळलं की माणसाला साधं ताजंतवानं वाटतं म्हणजे काय वाटतं. वॉर्डाबाहेरचा जिना चढून उतरून पाहिला, नर्सने ओरडून परत कॉटवर बसवलं.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. नाव अश्विनी. पुण्याला एका संशोधन संस्थेत डॉक्टरेट करत होती, माहेर बोदवडचं. तिने स्टूल घेतलं आणि म्हणाली, "मावशी, एक परवानगी मागायला आले आहे. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही. आणि हो म्हणालात तरी तुम्हाला स्वतःला फायदा होईल असं मी सांगू शकत नाही."

अशी सुरुवात करणारा माणूस मला आवडतो. मी म्हणाले, "मग फायदा कोणाला?"

"पुढच्या कुणाला तरी. कदाचित."

तिने समजावलं ते असं. गाठीत नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात. आपल्या शरीराची राखण करणाऱ्या पेशीही आत शिरलेल्या असतात. त्यांच्या जाती पुष्कळ. काही थेट हल्ला करतात, काही इतरांना बोलावतात, काही केरकचरा गिळतात, आणि काही उलट्याच, हल्ला करणाऱ्यांना आवरून धरतात. एकाच्या गाठीत या जातीच्या जास्त, दुसऱ्याच्या गाठीत त्या जातीच्या. म्हणूनच एकच औषध एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला पडत नाही, असा अंदाज आहे. पूर्वी गाठीचा तुकडा सगळा एकत्र करून तपासायचे. आता पेशी सुट्या करतात आणि एकेक पेशी आत काय काम करत होती ते वाचतात. हजारो पेशी. मग त्यांचा नकाशा काढतात.

मी म्हणाले, "म्हणजे गाडीत साठ माणसं आहेत एवढं सांगणं वेगळं, आणि कोण कुठे चढलं, कुठे उतरणार ते सांगणं वेगळं."

ती हसली. "हे मी माझ्या सरांना सांगेन."

तिला गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा हवा होता, शेजारच्या चांगल्या आतड्याचा तेवढाच, आणि एक नळी रक्त. तपासणीला लागेल तेवढं आधी पॅथॉलॉजीचे डॉक्टर ठेवून घेणार, उरलं त्यातलं ती नेणार.

मी सही करणार तेवढ्यात माझा मोठा भाऊ आला. त्याला आम्ही सगळे नाना म्हणतो. पारोळ्याजवळ आमचं गाव, तिथे तो कापूस आणि मका करतो. आई गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते, माझं लग्न त्यानेच लावून दिलं. त्याचा शब्द मी सहसा मोडत नाही. त्याने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि अश्विनीसमोरच आमच्या अहिराणीत म्हणाला, "सुनी, तुन्हा आंगना तुकडा त्यासले कसाले देस?"

"नाना," मी म्हणाले, "ती गाठ काढीसन मी घर लई जाऊ का?"

शेजारच्या कॉटवरच्या आजी हसल्या. नाना हसला नाही. लोक आपल्यावर प्रयोग करतात, नंतर काय काय निघतं, पेपरात नाव येतं, असं तो बोलत राहिला. अश्विनीने शांतपणे सांगितलं की नमुन्यावर नाव नसेल, फक्त आकडा असेल. नानाचं समाधान झालं नाही. मी सही केली. त्याने त्या दिवशी माझ्याकडचा चहा घेतला नाही.

सगळे एकाच बातमीची वाट पाहतात

ऑपरेशन मला आठवत नाही, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सुभाषने नंतर सांगितलं की ती मुलगी सकाळी सातपासून बर्फाचा डबा मांडीवर घेऊन थिएटरबाहेर बसली होती. दुपारी तुकडा मिळाल्यावर तिने डब्याचं झाकण दोनदा तपासलं, सुभाषला नमस्कार केला आणि स्टेशनवर गेली. त्याला तिचं फार कौतुक वाटलं. आपल्या बायकोला इतकं जपून कुणी नेत असल्यासारखं वाटलं, असं म्हणाला.

पुढचे दिवस सांगते, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. नाकात नळी, पोटात नळी, लघवीला नळी. तीन रंगीत गोळ्यांचं एक खेळणं देतात, त्यात श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. पहिल्या दिवशी एकही हलत नाही. पोटाला उशी दाबून खोकायचं. दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, तेव्हा वाटतं हे लोक निर्दयी आहेत. ते बरोबर असतात. चालल्यानेच सुटका होते.

आणि सगळा वॉर्ड एकाच बातमीची वाट पाहत असतो, वारा सरला का. डॉक्टर विचारतात, नर्स विचारते, सासूबाई फोनवरून विचारतात. आतडं जोडल्यावर ते कामाला लागलं याची तीच खूण. माझा चौथ्या दिवशी सरला. सुभाषने त्याच्या मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं. मी आयुष्यात कुठल्याच परीक्षेत पहिली आले नव्हते, त्या दिवशी आल्यासारखं वाटलं.

मागची पानं

अहवालात दोन गोष्टी होत्या. एक, जवळच्या दोन ग्रंथींपर्यंत रोग गेला होता, म्हणून केमो घ्यावी लागणार. दुसरी गोष्ट कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमनी जरा थांबून सांगितली.

"तुमच्या घरात आणखी कुणाला कॅन्सर होता?"

"आईला होता. गर्भाशयाचा. शेहेचाळिसाव्या वर्षी गेली."

"तिच्या माहेरी?"

मामा पोटाच्या आजाराने गेले होते. आमच्याकडे तेवढंच म्हणत. आजोबाही पोटानेच. मॅडमनी कागदाच्या मागच्या बाजूला चौकोन आणि गोल काढले आणि एकेक काळा करत गेल्या. मी सांगत होते आणि माझ्याच डोळ्यांसमोर कागद काळा होत होता. इतकी वर्षं ही सगळी मरणं आमच्या घरात सुटी सुटी पडलेली होती. कुणी एका कागदावर मांडली नव्हती.

रक्ताची तपासणी झाली. जनुकात दोष निघाला. लिंच सिंड्रोम म्हणतात त्याला. पेशी वाढताना झालेल्या चुका दुरुस्त करायची सोय त्यात कमी असते. आईबापांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक मुलाला जायची शक्यता अर्धी. मॅडम म्हणाल्या, "तुमच्यासारख्या गाठीत चुका इतक्या असतात की शरीराला ती परकी वाटते, म्हणून राखण करणाऱ्या पेशी तिथे खूप गोळा होतात. पुढेमागे गरज पडली तर त्यांना जोर देणारी औषधं आहेत. ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. मुलगी अठराची झाली की तिचीही तपासणी करू, पण आता महत्त्वाचं म्हणजे हे तुमच्या भावाला सांगा. त्यांनी रक्त तपासावं. दोष निघाला तर दुर्बिणीने दर एक-दोन वर्षांनी पाहायचं. गाठ व्हायच्या आधी जो मोड येतो, पॉलिप म्हणतात, तो तिथल्या तिथे काढता येतो."

मी आनंदाने गावी गेले. आनंदाने म्हणते, कारण मला वाटत होतं मी भावासाठी चांगली बातमी आणली आहे. आम्हाला कळलं आहे. आईला कळलं नव्हतं.

नाना ओट्यावर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग घराच्या दाराकडे पाहिलं, आत वहिनी आणि त्यांची मुलगी मयुरी होत्या. मयुरी चोवीस वर्षांची, शेतकीची पदवी घेतलेली. चाळीसगावचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं.

तो हळू आवाजात म्हणाला, "हाई गोट आठेच, या ओटावर ऱ्हाऊ दे. मयुरीनं लगीन व्हई जाऊ दे. मंग काय करनं ते कर."

"नाना, तुझी तपासणी तरी कर. कुणाला कळणार नाही."

"कळस," तो म्हणाला. "बठ्ठं कळस, सगळं. उद्या लोक म्हणतील, त्या घरातली पोर करू नका, त्या घरात रोग शे."

मी वाद घातला. त्यानेही घातला. शेवटी मी वचन दिलं की बोलणार नाही. ते वचन देणं चूक होतं. मला तेव्हाही माहीत होतं. पण केमो सुरू व्हायची होती, अंगात बळ नव्हतं, आणि भावाला अंतर देण्याची हिंमत मला झाली नाही.

उन्हाळ्यात गरम पाणी

केमोच्या आठ फेऱ्या, तीन-तीन आठवड्यांनी. माझ्या वाट्याला त्यातल्या बऱ्याचशा नेमक्या मार्च ते जून आल्या. त्या औषधाचा एक गुण असा की गार काही सहन होत नाही. गार पाण्याचा घोट घेतला तर घशात काटे रुतल्यासारखं होतं. फ्रिजच्या दांड्याला हात लागला तर बोटांत करंट. जळगावचा मे महिना आणि मी घरात मोजे घालून, कूलरपासून लांब बसून कोमट पाणी पितेय. शेजारच्या घरात माठाला पेला बुडवल्याचा आवाज आला तरी मला हेवा वाटायचा. जिला हे औषध चालू होणार असेल, तिने एक थर्मास घेऊन ठेवावा. दुसरं काही लागत नाही.

बोटांची संवेदना कमी झाली. शर्टाची बटणं सायली लावून द्यायची. एकदा ती शाळेत गेल्यावर मला बटण लावता आलं नाही, म्हणून मी अर्धा दिवस तशीच ओढणी घेऊन बसले आणि कुणी बेल वाजवली तरी दार उघडलं नाही. तो माझा सगळ्यात वाईट दिवस होता. दुखण्याचा नव्हता, उलट्यांचा नव्हता, नुसता बटणाचा होता.

नाना फोन करायचा, आला मात्र नाही. पण दर आठवड्याला पारोळ्याहून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर पिंप्राळ्यात माझ्या दारापर्यंत पिशवी आणून द्यायचा. वहिनीने पाठवलेली. बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, मुगाची सुकी डाळ, एकदा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी फडक्यात बांधून. तोंडाची चव गेलेली असायची, तरी भाजलेला बिबडा मी खाऊ शकायचे. माझ्या आगारातल्या माणसांनी त्या पाच महिन्यांत एकही पिशवी चुकवली नाही.

चौथ्या फेरीला मात्र पिशवीऐवजी मयुरीच आली. आत्याकडे दोन महिने राहते म्हणून बापाला सांगून आली होती. पहिले दोन दिवस तिने मला औषधं दिली, घर पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या पायांना तेल चोळत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "आत्या, तुझी फाइल मी वाचली. मला पण असू शकतं का?"

मी वचनाचा विचार केला. फार वेळ केला नाही.

"असू शकतं," मी म्हणाले. "किंवा नसेलही. आधी नानामध्ये आहे का त्यावर आहे."

"पप्पा तपासणार नाहीत."

"नाहीत."

"मग मी तपासते. मी सज्ञान आहे."

तिने तपासणी केली. आधी तिने मॅडमशी एक तास बोलून घेतलं. महिन्याभराने उत्तर आलं. दोष तिच्यात होता. मला वाटलं ती कोसळेल. तिसऱ्या दिवशी तिने चाळीसगावला त्या मुलाला स्वतः फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी शेजारच्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. तिने कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितलं. मग त्याने विचारलं की दर वर्षी दुर्बीण करायची म्हणजे कुठे करायची, चाळीसगावला होते का. ती म्हणाली, बहुतेक जळगावला किंवा धुळ्याला यावं लागेल. तो म्हणाला, "मग मी गाडी घेऊन येत जाईन." घरच्यांशी बोलायला त्याने आठ दिवस मागितले. त्याची आई नाराज झाली, ते खरं. लग्न दोन महिने पुढे गेलं. पण झालं.

मीच दिलं

फोनच्या दुसऱ्या दिवशी नाना आला; चाळीसगावला फोन केल्याचं मयुरीने रात्रीच वहिनीला कळवलं होतं. चप्पल न काढता आत आला. माझ्याकडे न पाहता मयुरीला म्हणाला, "सामान भर."

ती जागची हलली नाही. "पप्पा, बसा."

"सामान भर म्हटलं ना."

"माझ्यात निघालंय," ती म्हणाली. "माझ्यात आहे म्हणजे कुठून आलं? आईच्या घरात कुणालाच नाही. पप्पा, तुमच्यात आहे. तुम्ही तपासा नाहीतर नका तपासू, माझ्या कागदावर तुमचं उत्तर आलेलं आहे."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो खाली बसला, तिथेच, चप्पल घालून, फरशीवर. त्याने आधी आपल्या हातांकडे पाहिलं.

"म्हनजे मीच दिन्हं तिले," तो म्हणाला.

"आईने तुला दिलं, मला दिलं," मी म्हणाले. "तिने काय मुद्दाम दिलं होतं का?"

तो रडला. आईच्या वेळी रडला नव्हता इतका. मयुरी त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी पाणी आणलं, माझं कोमट पाणी, आणि तो ते प्यायला. वचन मोडल्याबद्दल त्याने मला त्या दिवशी काही विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

पंधरा दिवसांत धुळ्याला त्याची दुर्बीण झाली. दोन मोड निघाले. एक तुरीच्या दाण्याएवढा, एक त्याहून मोठा. तिथल्या तिथे काढले. मोठ्यामध्ये बदल सुरू झाले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन वर्षं थांबला असतात तर गोष्ट वेगळी झाली असती. माझ्या भावाचं वय तेव्हा एकोणपन्नास होतं आणि त्याला पोटाची म्हणून एकही तक्रार नव्हती.

नकाशा

केमो संपल्याला वर्ष होत आलं होतं. मी अर्धवेळ कामावर परत गेले होते, आधी आगारात बसून, मग गाडीवर. बोटं पूर्ण सुधारली नाहीत, पण तिकिटाच्या मशीनची बटणं दाबण्याइतकी आली. अश्विनीचा फोन आला. ज्यांनी नमुने दिले त्यांना दवाखान्यात बोलावून काम दाखवायचं ठरलं होतं. नाना म्हणाला, मी पण येतो.

दवाखान्याच्या लहान हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जण होतो. काही नमुन्यांचे फक्त नातेवाईक आले होते. त्यांना पुढच्या खुर्च्या दिल्या.

पडद्यावर ठिपके दिसले. रंगीत, हजारो. कुठे दाट पुंजका, कुठे विरळ. अश्विनी म्हणाली, प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी. सारखं काम करणाऱ्या पेशी जवळ जवळ. हा निळा पुंजका हल्ला करणाऱ्यांचा. हा हिरवा गिळणाऱ्यांचा. तिने दोन चित्रं शेजारी ठेवली. एका प्रकारच्या गाठींमध्ये निळं जेमतेम, दुसऱ्या प्रकारात निळं भरपूर. दुसरा प्रकार म्हणजे आमच्यासारख्यांचा.

मी हात वर केला. "यातल्या माझ्या कुठल्या?"

"ते मलाही सांगता येत नाही, मावशी. नावं नाहीत. सगळ्यांच्या एकत्र आहेत."

"पण यात आहेत ना?"

"आहेत."

मला तेवढं पुरलं.

मग नाना उभा राहिला. सभेत बोलायला उभं राहतात तसा, हात मागे बांधून. "ताई, इतला राखणदार व्हतात, मंग गाठ वाढनी कशी?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सगळ्यांचा तोच प्रश्न होता. अश्विनीने निळा पुंजका मोठा करून दाखवला. त्याच्याही आत छटा होत्या. "दादा, हे सगळे राखणदार आहेत, पण सारखे नाहीत. हे टोकाचे ताजे आहेत. हे मधले फार दिवस लढून थकलेले. दिसायला तेच, पण काम थांबवलेले. आणि हे बघा, हे इतरांना आवरून धरणारे. गाठीत राखणदार किती, एवढं मोजून भागत नाही. कोण जागं आहे, कोण थकलंय, कोण कोणाला अडवतंय ते कळायला हवं. कुठल्या थकलेल्यांना औषधाने उठवता येतं, ते अजून पूर्ण कळलेलं नाही. त्याच्यासाठीच हे."

"म्हणजे अजून माहीत नाही," नाना म्हणाला.

"नाही. थोडं माहीत आहे. बरंच नाही."

तो खाली बसला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "पोर खोटं बोलत नाही." त्याच्याकडून मिळणारं यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मी ऐकलेलं नाही.

पाच माणसं, एक संडास

मामांची मुलं यावलला असतात. नानाने त्यांना फोन केले, मी नाही. एकाने फोन ठेवून दिला. दोघांनी ऐकलं, रक्त तपासलं, दोघांमध्येही दोष निघाला. यंदा माझी आणि नानाची वर्षाची दुर्बीण होती, मयुरीला पंचविशीनंतर सुरू करायला सांगितलं होतं म्हणून तिची पहिली, आणि या दोघा मामेभावांचीही पहिली. सगळ्यांची एकाच दिवशी जळगावला वेळ घेतली, आणि आदल्या दिवशी सगळे माझ्याकडे उतरले. निकाल आधीच सांगून टाकते. चौघांचं आतडं स्वच्छ होतं, धाकट्या मामेभावाचा एक लहानसा मोड काढला.

पण खरी परीक्षा आदल्या संध्याकाळी होती. दुर्बिणीआधी पोट साफ करायचं औषध पाण्यात मिसळून प्यावं लागतं, लिटरच्या लिटर. ते प्यायल्यावर माणसाच्या हातात काही राहत नाही. आम्ही पाच जण औषध प्यायलेले, आणि माझ्या घरात संडास एक. सुभाष आणि सायली बाहेर पायरीवर जाऊन बसले. दोन्ही मामेभाऊ दाराशी पोट धरून उभे. मयुरी आत. मी पुढच्या नंबरावर.

आमची गडबड ऐकून शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "काय हो, कार्यक्रम आहे का काही? बरीच मंडळी आलीत."

मी काहीतरी बोलणार होते. त्याआधी नाना पुढे झाला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोटनी तपासनी शे. आमना घरमा हाऊ आजार शे. बठ्ठाजन तपासी लेतस. लपाडीसन काय व्हस?"

समोरच्या दुकानातली दोन माणसं वळून पाहायला लागली. नानाने त्यांच्याकडेही पाहून मान हलवली. मयुरी दार उघडून बाहेर आली होती, ती तिथेच थांबून बापाकडे बघत राहिली.

काकूंनी जराही वेळ घालवला नाही. "मग आमच्याकडचा मोकळाच आहे की," त्या म्हणाल्या आणि फाटकाची कडी काढली.

नाना त्यांना औषधाचं नाव सांगायला लागला होता, दुर्बीण कशी असते तेही सांगणार होता. पण वाक्याच्या मध्येच त्याचा चेहरा बदलला. त्याने पायजमा एका हाताने धरला आणि काकूंना बाजूला सारून त्यांच्या घरात पळाला.